पाणी पिणारा टॉवेल आणि पाणी नाकारणारा पदार्थ

सोलापूरच्या अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा लहानसा कारखाना चालविणारा माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी घरी आला होता. बारा यंत्रमाग, घरची चार माणसे आणि बाहेरचे वीसएक कामगार, एवढाच त्याचा पसारा. परदेशी माल पाठविणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्याच्याकडून एक छापील पत्रक भरून मागितले होते. ‘आमच्या मालात पीएफएएस वर्गातील कोणतेही रसायन वापरलेले नाही’ असे त्यात लिहून द्यावयाचे होते. “सर, सही करायला माझी हरकत नाही. पण हे आहे काय, तेच मला ठाऊक नाही. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू?” असे तो म्हणाला.

प्रश्न प्रामाणिक होता, आणि तो एकट्या त्याचा नव्हता. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२५ पासून ही रसायने हेतुपुरस्सर वापरलेले नवे कापड तेथे विकता येत नाही. त्या कायद्यातील कापडाच्या व्याख्येत कपडे, पडदे, अंथरूण-पांघरूण यांच्याबरोबर टॉवेलचाही नामोल्लेख आहे. मालातील एकूण सेंद्रिय फ्ल्युओरीनचे प्रमाण दहा लाख भागांत १०० भागांच्या खाली असले पाहिजे, आणि २०२७ च्या आरंभापासून ते ५० भागांच्या खाली असावे, अशी त्यात तरतूद आहे. फ्रान्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने २०२६ पासून कपड्यांत आणि २०३० पासून, काही अपवाद वगळता, सर्वच कापडांत या रसायनांना मनाई केली. सातासमुद्रापलीकडे झालेल्या कायद्याचा कागद अशा रीतीने सोलापुरातील बारा मागांच्या कारखान्यात येऊन पोहोचला आहे. तो कागद कशासाठी आहे हे समजून घेणे कारखानदाराइतकेच सामान्य नागरिकाच्याही हिताचे आहे.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांकडून आवश्यक ते समजून घेतले आणि महाविद्यालयाला सुटी असलेल्या एका दिवशी त्या विद्यार्थ्याबरोबर वसाहतीत फेरी मारली.

वसाहतीतील अदृश्य पाहुणा

प्रथम आम्ही शेजारच्या सायझिंगच्या कारखान्यात गेलो. दुहेरी पिळाच्या सुताला फारशी खळ लागत नाही. परंतु एकेरी सुताचा ताणा मागावर चढविण्यापूर्वी त्याला खळ द्यावीच लागते. जुने विणकर या क्रियेला पांजणी म्हणत. आता सर्वांच्या तोंडी ‘सायझिंग’ हाच शब्द आहे. शेकडो धागे एकमेकांशेजारून खळीच्या कुंडातून निघतात आणि वाफेने तापविलेल्या मोठ्या पोकळ सिलिंडरांवरून जाताना वाळतात. ओली खळ तापल्या धातूला चिकटणारच, जसा भात पातेल्याच्या तळाला लागतो तसा. ती चिकटली की धागा ओढला जातो, तुटतो, आणि पुढे मागावर त्याचे प्रायश्चित्त विणकराला भोगावे लागते. म्हणून कुंडातून निघालेला ओला धागा ज्या पहिल्या काही सिलिंडरांवर टेकतो, त्यांच्यावर कागदाहूनही पातळ असा टेफ्लॉनचा लेप दिलेला असतो. यंत्रावरील कामगाराने त्याचे सारे अर्थशास्त्र एका वाक्यात सांगितले: “लेप झिजला की धागे तुटतात, आणि धागे तुटले की मालकाचं डोकं तापतं.”

तेथून विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कारखान्यात आलो. बॉयलरवरच्या वाफेच्या नळांच्या जोडांत, व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीच्या पॅकिंगमध्ये, फिटरच्या खिशातल्या पांढऱ्या टेपच्या गुंडाळीत हाच पदार्थ होता. टॉवेलच्या घड्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरून त्यांची तोंडे बंद करणाऱ्या यंत्रावर तापणाऱ्या तारेवर बसविलेली एक तपकिरी पट्टी दिसली. वितळलेले प्लॅस्टिक तारेला चिकटू नये म्हणून काचेच्या धाग्यांच्या कापडावर टेफ्लॉन चढवून ती बनविलेली असते. रंगाईच्या कारखान्यांत दाहक सोडा, आम्ले व हायड्रोजन पेरॉक्साइड यांना तोंड देणारे गॅस्केट आणि नळांची अस्तरेही बहुधा याच पदार्थाची असतात.

सोलापूरचा टॉवेल नावाजला तो पाणी चटकन शोषून घेतो म्हणून. पाणी पिणे हा त्याचा धर्म. आणि जो पदार्थ पाण्याला, तेलाला, खळीला, किंबहुना कशालाच अंगाला लागू देत नाही, त्याच्या साहाय्यावाचून हा टॉवेल आज सुरळीत तयार होत नाही. यातील गंमत क्षणभर बाजूला ठेवून हा पदार्थ असा का वागतो ते पाहू.

गुण हाच दोष

त्याचे शास्त्रीय नाव पॉलिटेट्राफ्ल्युओरोएथिलीन, व्यवहारात पीटीएफई. टेफ्लॉन हे ड्यू पॉन्ट या अमेरिकन कंपनीने त्याला दिलेले व्यापारी नाव. त्याचा शोध अपघाताने लागला. ६ एप्रिल १९३८ रोजी या कंपनीचा तरुण रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेट शीतक वायूंवर प्रयोग करीत होता. वायूने भरलेल्या एका नळकांड्याची तोटी उघडली तर काहीच बाहेर येईना; वजन मात्र भरल्या नळकांड्याइतकेच. ते कापून पाहिले तेव्हा आत पांढरी, गुळगुळीत भुकटी मिळाली. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांच्या लांबलचक साखळ्या, म्हणजे बहुवारिक, तयार झाले होते. दुसऱ्या महायुद्धात अणुबाँबसाठी युरेनियम वेगळे करताना जो अत्यंत दाहक वायू हाताळावा लागे, त्याला टिकणारी गॅस्केटे याच भुकटीतून झाली. स्वयंपाकघरातला तवा त्यानंतर, १९५० च्या दशकात आला.

या साखळीच्या मध्यभागी कार्बनचे अणू आणि त्यांच्या सभोवती फ्ल्युओरीनच्या अणूंचे दाट कवच असते. कार्बन व फ्ल्युओरीन यांमधील बंध सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत बळकट बंधांपैकी एक आहे. त्यामुळे आम्ल, अल्कली, विद्रावक यांपैकी जवळजवळ कोणालाच आत शिरकाव मिळत नाही. हा पदार्थ उणे २०० अंशांच्या थंडीपासून २६० अंश सेल्सिअसच्या उष्णतेपर्यंत काम देतो. त्याचा वितळबिंदू सुमारे ३२७ अंश आहे. घन पदार्थांत इतका कमी घर्षणांक क्वचितच आढळतो. वीज त्यातून वाहत नाही, म्हणून विमानांतील तारांवर त्याचे वेष्टन असते. उणिवाही आहेत. वितळल्यावरही तो इतका दाट राहतो की इतर प्लॅस्टिकप्रमाणे साच्यात ओतता येत नाही. धातूच्या भुकटीप्रमाणे दाबून व भाजून त्याला आकार द्यावा लागतो. सतत दाबाखाली तो हळूहळू पसरतो, म्हणून त्यात काचतंतू, कार्बन किंवा काशाची भुकटी मिसळतात.

तथापि, जो पदार्थ कशानेच विघटित होत नाही तो वापरून झाल्यावरही विघटित होत नाही, हे ओघानेच आले. लाकूड कुजते, लोखंड गंजते, सूत मातीत मिसळते. कार्बन-फ्ल्युओरीनचा बंध तोडण्याची हातोटी निसर्गाने जवळपास आत्मसात केलेली नाही. कारखान्यात जो गुण, तोच नदीत व विहिरीत दोष ठरतो.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. सिलिंडरवरचा लेप किंवा जोडातील गॅस्केट अशा घन स्वरूपातला पीटीएफई स्वस्थ बसून असतो. तो पाण्यात विरघळत नाही आणि शरीरातही शोषला जात नाही. संकट आहे ते त्याच्या नातलगांचे. हा पदार्थ कारखान्यात तयार करताना साबणासारखी काही फ्ल्युओरीनयुक्त द्रव्ये वापरावी लागत. त्यांतील मुख्य होते पीएफओए. कापडावर पाणी, तेल व डाग ठरू नयेत म्हणून दिले जाणारे फ्ल्युओरीनयुक्त संस्कारही याच कुळातले. धुलाईत ते झडतात व पाण्यात उतरतात. या साऱ्या कुळाला आज पीएफएएस हे नाव आहे, आणि त्यात हजारो रसायनांचा समावेश होतो.

किमतीत न मावलेला खर्च

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही खाजगी परिव्यय आणि सामाजिक परिव्यय यांतील फरक शिकवितो. ए. सी. पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात तो मांडला. कारखान्याच्या धुराने शेजाऱ्याचे कपडे काळवंडले तर धुलाईचा खर्च शेजारी सोसतो. कारखान्याच्या हिशेबवहीत तो दिसत नाही. विद्यार्थी हे पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. टेफ्लॉनचा इतिहास म्हणजे या धड्याचे जिवंत उदाहरण होय.

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ओहायो नदीकाठी पार्कर्सबर्ग येथील ड्यू पॉन्टच्या कारखान्यात १९५१ पासून पीएफओए वापरले जात होते. ते नदीत व भूजलात उतरले. गुरे मरू लागलेल्या एका शेतकऱ्याच्या तक्रारीवरून खटला उभा राहिला. न्यायालयीन तडजोडीतून नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने २०१२ पर्यंत मूत्रपिंडाचा व वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार यांसह सहा व्याधींशी या रसायनाचा संबंध संभवनीय असल्याचा निष्कर्ष काढला. २०१७ साली सुमारे साडेतीन हजार दावे मिटविण्यासाठी ड्यू पॉन्ट व तिच्यातून निघालेली केमर्स या कंपन्यांनी ६७ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराने पीएफओएला निर्मूलनाच्या यादीत घातले, आणि २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवास कर्करोगकारक ठरविले. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा एका लिटरला ४ नॅनोग्रॅम अशी घातली. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. एवढ्याशा अंशालाही जेथे भ्यावे लागते, तेथे पाणी शुद्ध करण्याचा खर्च किती असेल याची कल्पना करावी. तव्याच्या किमतीत तो खर्च कधीच धरला गेला नव्हता.

हे सारे अमेरिकेत घडले, आपला काय संबंध, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. इटलीतील व्हिचेन्झा प्रांतात त्रिस्सिनो येथे मितेनी नावाच्या कंपनीचा या वर्गातील रसायनांचा कारखाना होता. त्याच्यामुळे व्हेनेतो प्रदेशातील विस्तीर्ण भागाचे भूजल दूषित झाले. २०१८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने या प्रकरणाशी संबंधित कंपन्यांच्या अकरा माजी अधिकाऱ्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा ठोठावल्या. दिवाळखोरीनंतर लिलावात निघालेली त्या कारखान्याची यंत्रसामग्री २०१९ साली मुंबईच्या लक्ष्मी ऑरगॅनिक या कंपनीच्या उपकंपनीने घेतली, आणि ती आपल्या कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीत, आणली गेली. या कंपनीने कायदा मोडला असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न कायद्यात काय आहे यापेक्षा काय नाही याचा आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत या रसायनांचा उल्लेखच नाही. ज्याचे मोजमाप नाही त्याची मर्यादा नाही, आणि जेथे मर्यादा नाही तेथे उल्लंघनही नाही. श्रीमंत देश जे धंदे नकोसे म्हणून सोडतात ते गरीब देशांकडे सरकतात. त्यांच्याबरोबर रोजगार येतो हे खरे. पण ज्या खर्चाची नोंद कुठेच होत नाही तो खर्चही येतो.

उद्योग नकोतच, अशी भूमिका मात्र येथे नाही. रसायनी येथे कारखाना असलेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने १९८३ मध्ये हिंदुस्थान फ्ल्युओरोकार्बन्स ही उपकंपनी काढली आणि आजच्या तेलंगणातील रुद्रारम येथे पीटीएफईचे देशी उत्पादन सुरू केले. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात ती अभिमानाची गोष्ट होती. तोट्यात गेलेला हा उद्योग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०२० मध्ये घेतला. आता हे उत्पादन प्रामुख्याने गुजरातेत दहेज येथे खाजगी क्षेत्रात होते. संरक्षण, वैद्यक, वीज, रसायने अशा अनेक क्षेत्रांत या पदार्थाला आज तोडीचा पर्याय नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

कोठे हवा, कोठे नको

म्हणूनच सरसकट बंदी किंवा सरसकट मुभा या दोन टोकांपेक्षा, हा पदार्थ कोठे अपरिहार्य आहे आणि कोठे केवळ हौसेचा आहे, हा विवेक करणे अधिक शहाणपणाचे होय. ओझोनच्या थराचे रक्षण करण्यासाठी १९८७ साली झालेल्या माँट्रियल कराराच्या अंमलबजावणीत ‘अत्यावश्यक उपयोग’ ही कसोटी लावली गेली आणि ती बव्हंशी यशस्वी ठरली. तीच येथे लावता येईल. सायझिंगच्या सिलिंडरवरील लेप, वाफेच्या नळातील पॅकिंग, आम्लाच्या टाकीचे अस्तर हे उपयोग थोड्या मालाचे, दीर्घकाळ टिकणारे व कामगाराच्या सुरक्षिततेचे आहेत. ते असावेत. परंतु टेबलक्लॉथवर चहाचा डाग पडू नये म्हणून, किंवा मुलाच्या सदऱ्यावर शाई ठरू नये म्हणून, न विघटणारे रसायन नदीत सोडणे हा कोणता हिशेब?

सदऱ्याचे उदाहरण उगाच घेतलेले नाही. टॉवेल-चादरींबरोबर शालेय गणवेश शिवण्याचा धंदाही गेल्या काही वर्षांत सोलापुरात वाढला आहे. अमेरिका व कॅनडात विकल्या जाणाऱ्या, डाग न धरणाऱ्या शालेय गणवेशांत ही रसायने आढळल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात नमूद आहे. मूल तो गणवेश दिवसातले सहा-सात तास अंगावर वागविते. आपल्याकडच्या मुख्याध्यापकांनी व पालकांनी ‘डाग पडणार नाही’ या जाहिरातीला भुलण्यापूर्वी ‘तो कशामुळे पडणार नाही?’ एवढे एक विचारावे. मेण किंवा सिलिकोनयुक्त संस्कारांनी पाणी अडविता येते. तेलाचा डाग त्यांनी तितका अडत नाही हे खरे. पण तेलाचा डाग साबणाने निघतो.

वसाहतीच्या पातळीवर तीन गोष्टी फारशा खर्चाच्या नाहीत. पहिली, रंगाई व फिनिशिंग करणाऱ्यांनी रसायन विकणाऱ्याकडून त्यात फ्ल्युओरीनयुक्त द्रव्य आहे की नाही हे लेखी घ्यावे. सही लहान कारखानदाराची आणि माहिती मात्र मोठ्या पुरवठादाराजवळ, ही आजची विषम स्थिती त्याने बदलेल. दुसरी, झिजलेल्या पट्ट्या, टेपचे तुकडे व जुनी गॅस्केटे वेगळी ठेवावीत. सुताच्या गुंत्याबरोबर ती पेटवू नयेत. सुमारे ४०० अंशांच्या वर या पदार्थातून विषारी वायू निघतात. बोटांना लागलेली त्याची भुकटी जळत्या विडी-सिगारेटमध्ये गेली तरी कामगाराला थंडीतापासारखा आजार होऊ शकतो. मे २०२५ मध्ये एका टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गमावलेल्या या वसाहतीला धुराची भीती वेगळी सांगावयास नको. तिसरी, मालाची व सांडपाण्याची फ्ल्युओरीन तपासणी एकेकट्या कारखान्याला परवडणार नाही. ती कारखानदारांच्या संघटनेने, विद्यापीठ व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या साहाय्याने, सामायिक खर्चाने करावी.

त्यापलीकडची जबाबदारी शासनाची आहे. जो दूषित करील तो भरपाई देईल, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच या देशाच्या कायद्याचा भाग म्हणून स्वीकारले आहे. पण कोणी, किती दूषित केले हे मोजण्याचे मापच नसेल तर ते तत्त्व कागदावर राहते. पिण्याच्या पाण्यात या रसायनांची मर्यादा ठरविणे आणि उत्पादकांना सांडपाण्याची आकडेवारी जाहीर करावयास लावणे, ही पहिली पायरी होय. ज्या सोलापूरने उजनीच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे नळाकडे डोळे लावून दिवस मोजले, त्याला दूषित झालेले पाणी टाकून देऊन दुसरे आणण्याची चैन परवडणारी नाही.

त्या विद्यार्थ्याने अखेर पत्रकावर सही केली. त्यापूर्वी रंगाईवाल्याकडून व रसायनाच्या विक्रेत्याकडून लेखी उत्तर मिळविण्यात त्याचे पंधरा दिवस गेले. सहीखाली स्वतःच्या अक्षरात त्याने एक ओळ जोडली: ‘टॉवेलात नाही, पॅकिंगच्या यंत्रावरील पट्टीत आहे.’ व्यापाऱ्याला त्या ओळीची गरज नव्हती, पण ती खरी होती. इतके सरळ उत्तर मोठ्या उत्पादकांकडून आणि शासनाकडून मागण्याचा अधिकार ज्याच्या घरी नळ आहे अशा प्रत्येकाला आहे.